त्याने फक्त चपला मागितल्या

ट्वायलाइट ही इंग्रजी व्हँपायर-कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती झेरॉक्स. हॉस्टेलवर एकीकडे ओरिजिनल होती आणि ती काही केल्या सुट्टीत घरी न्यायला देईना, म्हणून आम्ही चौघींनी काँट्री काढून अख्खी कादंबरी झेरॉक्स केली, तिला स्पायरल मारून घेतलं, आणि त्यातली एक कॉपी घेऊन मी मे २००९ मध्ये गावी गेले. गाव म्हणजे शिरोड्याच्या जरा अलीकडे, वेंगुर्ला तालुका. कॉपी फिकट आली होती, प्रत्येक पानाच्या उजव्या कडेची एक-दोन अक्षरं गायब, त्यामुळे माझ्या डोक्यात हिरोचे काही डायलॉग अजूनही अर्धवटच आहेत.

आजी पडवीत रातांबे फोडत बसली होती. ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी, रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, ते फोडून आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालं वेगळी, मग ती सालं त्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत टाकायची, की झाली आमसुलं. हात मनगटापर्यंत लाल होतात आणि तो रंग साबणाला दाद देत नाही. तर अशा लाल हातांनी आजी बसली होती आणि मी शेजारी झोपाळ्यावर लोळत वाचत होते, मधेच स्वतःशी हसत वगैरे होते बहुतेक, कारण तिने विचारलं, "काय वाचतंस गो मघापासून?"

आता आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि मला मालवणी बोलता येत नाही, कळतं फक्त, त्यामुळे आमचं संभाषण कायम अर्धं अर्धं चालायचं. मी म्हटलं गोष्ट आहे. कसली? एक मुलगी असते सतरा वर्षांची, ती आईकडून बापाकडे राहायला येते, अमेरिकेतल्या एका छोट्या गावात, तिथे सारखा पाऊस पडतो.

"आपल्यासारखो?"

"आपल्यापेक्षा जास्त गं. बाराही महिने."

"मगे ते आमसुला खय सुकवतत?"

(हे गाव खरंच आहे, फोर्क्स, वॉशिंग्टन राज्यात. लेखिकेने अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी ठिकाण शोधून ते निवडलं, कारण तिचा व्हँपायर उन्हात गेला की हिऱ्यासारखा चमकतो आणि लोकांना कळतं. मी नंतर बघितलं तर तिथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाएवढाच, फक्त आम्ही तो चार महिन्यांत उरकून घेतो.)

मग मी हिरोवर आले. म्हटलं त्या गावात एक मुलगा असतो, तो माणूस नाहीये, म्हणजे मेलेला आहे पण जिवंत आहे, रक्त पितो, पण माणसांचं नाही पीत, जनावरांचं पितो, चांगल्या घरातला आहे. आजीने मान डोलावली. तिला यात नवल काहीच नव्हतं, फक्त कुठल्या खात्यातला आहे ते कळत नव्हतं. खवीस? नाही. समंध? नाही गं. बँकेत फॉर्म भरून घेतात तसं तिने एकेक विचारायला घेतलं. मेला तेव्हा वय काय? सतरा. लग्न झालेलं? नाही. "मगे मुंजो तो," असं म्हणून तिने पुढचा रातांबा उचलला, विषय संपला तिच्या लेखी. आणि खरं सांगते, मी त्यानंतर या कादंबरीवर भरपूर वाचलंय, कौतुक वाचलं, टिंगल वाचली, स्त्रीवादी टीका वाचली, पण इतकं अचूक वर्गीकरण कुणी केलेलं नाही. मुंज झालेला, लग्न न झालेला, अवेळी गेलेला पोरगा पिंपळावर राहतो. इथे पिंपळ नाही म्हणून मोठ्या काचांच्या घरात राहतो, एवढाच फरक.

"मेलो कशान?"

"१९१८ मध्ये फ्लूची साथ आली होती ना, त्यात. म्हणजे मरायलाच टेकला होता, तर तिथल्या डॉक्टरनेच त्याला चावून असं करून ठेवलं."

"डाक्टरान?" मग जरा थांबून, "अठराची साथ म्हणजे मानमोडी."

मानमोडी हा शब्द मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून ती साथ आपल्याकडे शिरली आणि पुढच्या काही महिन्यांत देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली. आजीचा जन्म १९३२ चा, तिने बघितलेली नाही, पण तिच्या बापाचे दोन भाऊ मानमोडीत गेले होते, एकाच आठवड्यात, आणि ते घरात असं बोललं जायचं की जणू कालपरवाच. तिने बोटांवर हिशोब केला. "मानमोडीत सतराचो, म्हणजे माझ्या बापाशीच्या वयाचो झालो तो. आणि पोर सतरा वर्सांची. तिच्या बापाशीक म्हायत असा?"

मी म्हटलं नाही, तो लपूनच येतो, रोज रात्री खिडकीतून तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे नुसता बघत बसतो. हे सांगताना मी लाजले असणार, कारण मला तो सगळ्यात भारी सीन वाटायचा. माझं त्या वेळी एक प्रकरण चालू होतं ज्यात समोरचा माणूस दिवसासुद्धा नीट फोन उचलायचा नाही, आणि त्या पार्श्वभूमीवर रात्रभर जागून तुमच्याकडे बघणारा कुणीतरी म्हणजे काय चीज होती ते फक्त त्या वयाच्या मुलींनाच कळेल. त्यावर लोक हसतात, हसू देत.

आजीचा हात थांबला. "काय मागता?"

"काही मागत नाही."

"असा कसा? मेल्लो माणूस येता तो कायतरी मागुकच येता. फुकट कोण येता?" आणि मग जरा वैतागून, मलाच त्या पोरीच्या जागी धरून, "तेका इचारूक होया गो, काय रवला तुझा म्हणून."

मी हसले आणि वाचायला लागले. तो विषय तिथेच राहिला तो दहा-बारा वर्षं.

मधल्या काळात आजी गेली, मी पुण्यात स्थायिक झाले, आणि लॉकडाऊनमध्ये झोप उडाली होती तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर काहीही वाचत बसायचे त्यात एकदा किसिल्येवो या गावापर्यंत पोचले. सर्बियातलं गाव, डॅन्यूब नदीच्या परिसरातलं. १७१८ च्या तहात तो भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला, त्यामुळे तिथे ऑस्ट्रियन अंमलदार बसवले होते आणि अंमलदार म्हटला की तो रिपोर्ट लिहिणार. फ्रोमबाल्ड नावाचा असा एक अधिकारी, आपल्याकडचा मामलेदार म्हणा, त्याचा रिपोर्ट २१ जुलै १७२५ च्या व्हिएन्नाच्या पेपरात छापून आला. व्हँपायर या प्रकाराची सरकारी कागदावर आलेली ही अगदी सुरुवातीची केस. आणि यात किल्ला नाही, झगा नाही, लांब बोटांचा सरदार नाही. पेटर ब्लागोयेविच नावाचा एक साधा गावकरी आहे, मरून दहा आठवडे झालेला.

गावात आठ दिवसांत नऊ माणसं गेली. एकेक दिवसाचं आजारपण आणि खलास. आणि जाता जाता ती सांगून गेली की पेटर झोपेत आला, अंगावर पडला, गळा दाबला. गाव म्हणालं थडगं उकरायची परवानगी द्या नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. फ्रोमबाल्डने आधी वरून हुकूम येऊ दे वगैरे म्हणून बघितलं, कुणी ऐकेना, मग तिथल्या पाद्र्याला घेऊन तो गेला. प्रेत ताजं, वास नाही, दाढी आणि नखं नवी आलेली, जुनी कातडी निघून खाली नवी, तोंडात रक्त. लोकांनी छातीत खुंटा ठोकला तर कानातोंडातून रक्त आलं. आणखीही काही 'रानटी खुणा' दिसल्या, पण आपल्याबद्दलच्या आदरापोटी त्या लिहीत नाही, असं त्याने वरिष्ठांना लिहिलंय! कसल्या खुणा ते ज्याने त्याने ओळखावं. शेवटी प्रेत जाळलं, आणि रिपोर्टाच्या खाली त्याने टिपिकल सरकारी माणसासारखं लिहून ठेवलंय की यात काही चूक झाली असेल तर दोष माझा नाही, भीतीने बेभान झालेल्या जमावाचा आहे. आज आपल्याला माहितेय की मेलेल्या शरीरात गॅस होतो, तो रक्तासारखं पाणी तोंडाकडे ढकलतो, वरची कातडी सुटते, आणि आजूबाजूची कातडी आकसली की नखं वाढल्यासारखी दिसतात. फ्रोमबाल्डला माहीत नव्हतं, पण जे दिसलं ते त्याने नीट लिहिलं.

पण मी अडकले ती एका वाक्यावर. पेटरच्या बायकोबद्दल. तिने सांगितलं की तो माझ्याकडे पण आला होता, आणि त्याने त्याचे ओपांक मागितले. ओपांक म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यांच्या चामड्याच्या वहाणा, पुढचं टोक वर वळलेलं. त्यानंतर ती किसिल्येवो सोडून दुसऱ्या गावी निघून गेली.

बस. तिच्याबद्दल एवढंच. तिचं नावसुद्धा नाही.

बाकी नऊ जणांचा त्याने गळा दाबला आणि बायकोकडे येऊन चपला मागितल्या. मी ते चार-पाच वेळा वाचलं आणि रात्री दोन वाजता एकटीच मोठ्याने हसले आणि मग हसता हसता माझ्या कानात तो आजीचा वैतागलेला आवाज आला, काय मागता? कारण याच्याइतकं नवऱ्यासारखं दुसरं काय असणार, म्हणजे मरून अडीच महिने झालेत, गाव हादरवून सोडलंय, आणि घरी येऊन विचारतोय, अगं माझ्या चपला कुठे ठेवल्यास. जणू जाताना पायात घालायच्या राहून गेल्या होत्या. आणि ती काय म्हणाली असेल? दिल्या असतील का? ती घाबरून पळाली असं सगळे धरून चालतात. मला कधीकधी वाटतं तिला त्याची भीती वाटलीच नसेल, उलट ती ज्या सहजतेने उठून चपला शोधायला लागली असेल त्या सहजतेची भीती वाटली असेल. हे आपलं माझं, रिपोर्टात काही नाही.

नंतर कळलं की त्या भागात विधवेकडे परत येणारा नवरा हा अगदी नेहमीचा समज होता. वुक कराजिच म्हणून सर्बियन भाषेचा मोठा कोशकार, त्याने एकोणिसाव्या शतकात केलेल्या शब्दकोशात या भुताची नोंद आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की हा कधीकधी आपल्या बायकोकडेही येतो, विशेषतः ती देखणी आणि तरुण असेल तर, आणि तिच्यापाशी झोपतो, आणि त्यातून होणाऱ्या मुलाला म्हणे हाडं नसतात. शब्दकोशात! त्याच नोंदीत असंही आहे की भला माणूस असा भूत होत नाही, पण मेल्यावर त्याच्यावरून एखादं पाखरू उडून गेलं किंवा जनावराने उडी मारली तर होऊ शकतो, म्हणून प्रेताची राखण करतात. हे वाचल्यावर मला आमच्या गावची ती रात्र आठवली, आजोळचे एक काका गेले तेव्हा पहाटेपर्यंत मांजराला आत येऊ देऊ नका म्हणून ओरडणाऱ्या बायका. आणि तिकडे असेही किस्से आहेत की विधवेच्या घरी रात्री जाणारा व्हँपायर लोकांनी दबा धरून पकडला तर निघाला गावातलाच एक जिवंत बाप्या. म्हणजे कारण नसताना कुणी कुणाच्या दारात जाऊ शकत नव्हतं, मेलेला मात्र जाऊ शकत होता. बाईसाठी पण ती सोयच असणार.

हा चपला मागणारा शेतकरी सरदार कसा झाला त्याची गोष्ट थोडक्यात आटपते, कारण ती बऱ्याच जणांना माहीत असते. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, त्या पावसात जिनिव्हाच्या तळ्याकाठी अडकलेल्या इंग्रज मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, आणि त्यातल्या कवी बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याने पुढे १८१९ मध्ये जी छापून आली त्या गोष्टीत व्हँपायरला थेट बायरनसारखाच करून टाकला, लॉर्ड, देखणा, थंड. त्या गोष्टीत तो एका मुलीशी रीतसर लग्न करतो आणि तिला लग्नाच्या रात्रीच संपवतो. तिथून पुढे त्याला चपलांची कमी पडली नाही. सूर्यप्रकाशाने मरणं हे तर त्याहून नवीन, ते १९२२ च्या जर्मन मूकपटातलं, नोस्फेराटू, त्यात एक बाई त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्या बिछान्यापाशी थांबवून ठेवते आणि उजाडल्यावर तो विरून जातो. ती पण मरते. कोंबड्याचं मात्र आजीला पटलं असतं, आमच्याकडे सगळी भुतं कोंबडा आरवला की जागेवर जातात.

मला जास्त ओढ वाटली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. व्हँपायर दिसतो कसा? पांढराफटक, बारीक, डोळे चमकणारे, ओठ लाल, ओठांच्या कडेला रक्त, रात्री जागा. हे वर्णन क्षयाच्या पेशंटचं आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एक्झेटर नावाच्या गावी मर्सी ब्राउन नावाची १९ वर्षांची मुलगी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली, तिच्या आधी आई आणि बहीण गेलेल्या, आता भाऊ एडविन खोकत होता. गावाने मार्चमध्ये तिला बाहेर काढलं, थंडीमुळे ती होती तशीच होती, काळजात रक्त होतं. ते काळीज जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तो गेला. क्षयाचा जंतू सापडून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आणि इथे माझे आजोबा येतात, ज्यांना मी फक्त एका फोटोत बघितलंय, तोही मतदार यादीसाठी काढावा तसला फोटो.

आजोबा मुंबईला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. आमच्याकडच्या निम्म्या घरांची हीच गोष्ट, नवरा गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीवर वीस जणांत, बायको इथे सासू-सासरे आणि चार कुणग्यांची शेती, नवरा म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा येणारा पाहुणा. म्हणजे बघा, रोज स्वप्नात येणारा आणि प्रत्यक्षात कधीतरी रात्री दार वाजवणारा पुरुष याचं कोकणातल्या बायकांना वेगळं अप्रूप कशाला असेल. साचेखात्यात धोट्यातली, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली, कांडी संपली की नवीन कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, ही पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. याच थुंकीच्या विटाळाचं कारण सांगून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत आणि आंबेडकरांनी तो मुद्दा गिरणी संपाच्या वेळी लावून धरला होता. ज्यांना घेतलं त्यांना पगार बरा मिळाला आणि छातीत काय काय मिळालं ते आमच्या घरी माहीत आहे.

१९६१ मध्ये आजोबा बोटीने वेंगुर्ल्याला उतरले ते परत गेलेच नाहीत. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगते की बंदरावर पडावातून माणसं उतरत होती आणि आई बघत होती, आणि बाबा समोर येऊन उभे राहिले तरी आईने ओळखलं नाही, ती त्यांच्या मागे बघत राहिली. औषधं अर्धवट सोडून आले होते. पडवीच्या टोकाला त्यांची खाट, ताट-वाटी वेगळी, पोरांनी जवळ जायचं नाही. रात्री ते खोकायचे आणि आजी दारातल्या उंबऱ्यावर बसून असायची, रात्रभर, बघत. खोकला थांबला की जास्त बघायची.

त्या पुस्तकातल्या त्या भारी सीनचा विचार मी आता करते तेव्हा मला खुर्चीत बसलेला तो सुंदर मुलगा दिसतच नाही. आजी कुणाकडे बघत बसली होती आणि काय मागत होती हे तिने मला त्या दिवशी सांगायचं काही कारण नव्हतं. माझ्या हातात झेरॉक्स होती आणि मी वीस वर्षांची होते.

त्या उंबऱ्यावर बसायची तेव्हा आजी २९ ची.

आता वेतोबा. आमच्या इथून आरवली जवळ, तिथे श्री देव वेतोबाचं देऊळ आहे, वेतोबा म्हणजे वेताळ, भुताखेतांचा राजा आणि गावाचा राखणदार. माणसापेक्षा चांगली उंच मूर्ती, पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची. त्याला नवस फेडताना केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या चपला देतात. साध्या नाही, हातभर लांब, जाड तळाच्या, चांभाराकडून खास करून घेतलेल्या. देवळात त्या ओळीने मांडून ठेवलेल्या असतात. कारण देव रात्रभर गावाच्या शिवेवर फिरतो आणि फिरून फिरून त्या झिजतात. लोक दाखवतात, हे बघा, तळ झिजलाय. गोव्यात पण बेताळाला वहाणा वाहतात. आणि गंमत म्हणजे आपल्या वेताळपंचविशीचं रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये इंग्रजी केलं तेव्हा वेताळाला त्याने व्हँपायर म्हटलं, पुस्तकाच्या नावातच, विक्रम अँड द व्हँपायर. अभ्यासक म्हणतात चुकीचं भाषांतर, वेताळ कुठे रक्त पितो. असेल चुकीचं. पण बर्टनला माहीत नसताना एक धागा जुळलाच ना, किसिल्येवोतला पण चपला मागत होता.

आणि आपण तर मागायची वेळच येऊ देत नाही. तेराव्याला दान देतात त्यात काय काय असतं आठवा, छत्री, काठी, भांडं, पांघरूण आणि जोडा. वाट लांबची आहे, काटे आहेत, ऊन आहे, म्हणून. पेटरच्या बायकोला हे कुणी सांगितलं असतं तर तिचं गाव सुटलं नसतं, असं मला त्या रात्री वाटलं आणि ते मी दुसऱ्या दिवशी आत्याला फोनवर सांगितलं, सर्बिया, चपला, तेरावं सगळं एकत्र करून. आत्या तेव्हा सत्तरीच्या जवळ, तिला वाटलं मला ताप आलाय. मग ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग तिने सांगितलं ते असं. आजोबांच्या तेराव्याला पैसे नव्हते. थोरल्या दिरांनी बाजारातून जो मिळाला तो जोडा आणला, सात नंबरचा. आजोबांचा पाय नऊ. आजीने तो जोडा बघितला, भटजींच्या पुढ्यात ठेवलेला, आणि ती काही बोलली नाही, २९ वर्षांची विधवा बाई तेराव्या दिवशी दिराला काय बोलणार. पण पुढे दोन-तीन महिन्यांनी एका पहाटे तिने आत्याला उठवलं, म्हणाली चल. अंधारात दोघी चालत चांभाराकडे गेल्या. वाटेत आजीने सांगितलं, रात्री तुझे बाबा आले होते, पायरीवर बसले होते. आत्या नऊ वर्षांची, तिने विचारलं, काय म्हणाले? आजी म्हणाली, काही नाही. पाय चोळत होते.

चांभाराकडे आजीने सांगितलं वेतोबाला जोडा हवाय. तो माप काढायला दोरी शोधायला लागला, देवाचं माप त्याच्याकडे ठरलेलं. आजी म्हणाली दोरी नको, नऊ नंबर कर. तो म्हणाला, "वयनी, देवाक नव नंबर पुरतलो कसो?"

"पुरतलो," आजी म्हणाली.

काजूच्या बिया विकून ठेवलेले पैसे होते ते तिने दिले. आठ दिवसांनी दोघी आरवलीला जाऊन तो जोडा ठेवून आल्या, त्या हातभर लांब चपलांच्या ओळीत हा एवढासा, माणसाच्या पायाचा. आत्या म्हणाली तो बाकीच्यांमध्ये पोरासारखा दिसत होता.

मी गेल्या डिसेंबरात आरवलीला गेले होते. उगीच बघून आले सगळ्या ओळी, साठ वर्षांपूर्वीचं तिथे काय असणार, जुने काढून टाकतच असतील. देवळाबाहेर केळ्यांचे घड घेऊन बायका बसल्या होत्या, मी एक घेतला आणि दिला. संध्याकाळी आत्याकडे जेवायला होते, सोलकढी होती, आणि मी तिला जे त्या फोनवर विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, की मग त्यानंतर आजोबा परत आले का कधी.

"नाय," आत्या म्हणाली, आणि माझ्या वाटीत अजून थोडी कढी ओतली. "पण फुडच्या वर्सा आयेन आणखी एक जोडो नेलो. पयलो झिजलो आसतलो, म्हणाली."